माझ्या रडण्यावर नाचलेली वरात

माझ्या रडण्यावर लोक नाचले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दिवसाढवळ्या, आमच्याच गल्लीत. शेजारच्या घरचं लग्न होतं. नवरदेव मारोतीच्या दर्शनाला निघाला होता आणि पुढं डीजेची गाडी होती. आवाज असा की मांडणीवरचे पेले थरथरत होते. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. एकाएकी गाणं थांबलं आणि डीजेच्या पेट्यांतून एक बाई रडली.

"माय वो, माह्यासाठी शेंगा कोन लपवून ठेवीन वो..."

मग ढम ढम ढम. पुन्हा तीच बाई, "शेंगा, शेंगा, शेंगा". पुन्हा ढम.

तो आवाज माझा होता. मला तो लगेच ओळखू आला नाही, कारण आपला आवाज आपण बाहेरून कधी ऐकत नाही. शब्दांवरून ओळखला. पोरं शेंगा फोडून तोंडात टाकल्यासारखं करत नाचत होती. नवरदेवाची काकू पदर खोचून त्यांच्यात उतरली होती. माय गेली तेव्हा हीच बाई मला भेटायला आली होती आणि माझ्या गळ्यात पडून रडली होती. तिला माहीत नसेल हा आवाज कोणाचा. पण कोणी तरी बाई आईसाठी रडते आहे, एवढं तर तिला कळत होतं. मी आत जाऊन मोरीत चूळ भरली, तरी तोंडाची चव जाईना.

माय मागच्या उन्हाळ्यात गेली. माझं माहेर अनसिंगच्या बाजूला आहे. मी मंगरूळपीरला गाडी बदलून पोचले, तोवर अंगण भरलं होतं. आमच्याकडं लेक आली की गल्लीच्या वळणापासूनच हेल काढून रडत येते. नुसतं हुंदके देऊन नाही. मेलेल्या माणसाला हाक मारायची, त्यानं आपल्यासाठी काय काय केलं ते सांगायचं, आणि आता ते कोण करील म्हणून विचारायचं. माय चुलीमागं भाजलेल्या शेंगा ठेवायची, फक्त माझ्यासाठी, कारण मी सगळ्यांत लहान आणि मागून खायला लाजणारी. तेच माझ्या तोंडून निघालं.

मी चार लोकांत बोलणारी बाई नाही. पाहुणे आले की चहा ठेवते आणि आत जाते. बचत गटात माझं म्हणणं शेजारीण सांगते. पण रडायला मला कधी लाज वाटली नाही. रडणाऱ्या बाईचे शब्द कोणी धरून ठेवत नाही. दहा जणी एकदम रडत असतात, एकीचं दुसरीत मिसळून जातं, आणि संध्याकाळी कोण काय म्हणालं ते कोणी काढत नाही. ती रीतच आहे. म्हणून तर माझ्यासारखीही तिथं तोंड उघडते.

त्या दिवशी माझ्या भावाची सून खांबाला टेकून फोन धरून उभी होती. मला वाटलं, पुण्याच्या नातेवाइकांना आजीचं तोंड दाखवते आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला फोन लावला. बोलायचे शब्द जुळवण्यात माझी अख्खी सकाळ गेली होती.

"आत्याबाई, म्या तर थे रील चांगल्या मनानं टाकली होती," ती म्हणाली. "आजीले निरोप म्हनून. तुमी किती गोड रडल्या होत्या!"

"गोड?"

"म्हंजे मनापासून. लोकायले लय आवडली. मंग कोनंतरी तुमचा आवाज घेतला अन् त्याच्यावर बीट लावला. आता भल्ली चालून राह्यली."

"काढून टाक."

"माह्यी काढतो ना. पन बाकीच्यायची कशी काढू? हजार जनायनं बनवली."

मग माझ्या पुतणीनं मला ती सगळी दाखवली. मी म्हटलंच होतं, दाखव. एक पोरगी ओठाला लाली लावून माझ्या शब्दांवर ओठ हलवते, डोळ्यांत थेंब घालून. एक मिशीवाला माणूस डोक्यावर पदर घेऊन जमिनीवर लोळतो. एकानं कुत्र्याच्या तोंडाला माझं रडणं लावलं. खाली हसून हसून रडणारी पिवळी तोंडं, ओळीनं. ती संपेचनात. माझी माय तिरडीवर असताना निघालेले शब्द होते ते. मला पोरांचा तेवढा राग आला नाही, जेवढी त्या पिवळ्या तोंडांची किळस आली. हसायचे कष्टसुद्धा कोणी घेतले नव्हते, नुसतं बोट लावलं होतं.

त्या दिवशी मी ठरवलं, यापुढं कोणाच्या मरणात तोंड उघडायचं नाही.

पण माझी मोठी बहीण कामरगावला अंथरुणाला खिळली होती. तिला आम्ही बाई म्हणतो. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला पोटी लेक नाही, दोन मुलगे. गल्लीच्या वळणापासून तिच्यासाठी रडत येणारी एक मीच. मी दिवाळीनंतर तिला भेटायला गेले, तर तिनं तेच काढलं.

"म्या मेल्यावर तू रडशीन ना वो?"

"नायी रडनार."

"काहून?"

मी सांगितलं. तिला शेंगांचं ठाऊक होतं. तिच्या नातवानं तिलाही दाखवलं होतं, आपल्या मावशीआजीचा आवाज आहे हे न कळता.

"मले तर पयल्याच हाकेले समजलं," बाई म्हणाली. "म्या त्याले उशी फेकून मारली. पन तू रडली नायी तर म्या कशी जाऊ? गाव म्हनीन, हिच्यामांगं कोनीच नायी."

"गावाले काय म्हनाचं थे म्हनू दे."

ती भिंतीकडं तोंड करून पडली. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "सूनबाई कापसात गेली. नातू शाळेत. आत्ताच रड."

"तू जिती हायेस वो!"

"मंग? मेल्यावर कोन आयकते? आयकाचं तर मलेच हाये. रड. तुहा फोन त्या दायीच्या कोठीत टाक पयले."

मी फोन खरंच डाळीच्या कोठीत टाकला. तिच्या उशाशी बसले. जिवंत माणसाचा हात हातात घेऊन त्याला मेलं कसं म्हणायचं? मग मी म्हटलं, "बाई वो, माह्या वेणीतल्या उवा कोन काढीन वो..." आणि बाई खुदकन हसली.

"उवा नोको सांगू. लोक काय म्हन्तीन!"

"कोन लोक? कोठीतली दाय?"

"बरं, सांग. पन शायेचं सांग."

मी शाळेचं सांगितलं. चौथीनंतर मला घरी बसवलं, तेव्हा बाईनं सासरहून येऊन बापाशी भांडण केलं होतं. बाप ऐकला नाही. पुढं ती येताना मोठ्या जावेच्या लेकीची जुनी पुस्तकं पदराखाली आणायची. आज मला हे लिहिता येतं ते त्यामुळं. मी विचारत गेले, आता माझ्यासाठी कोण भांडेल, कोण पुस्तकं आणेल. ती मध्येच दुरुस्त करायची, "तीन नायी, चार वर्सं आनली". नंतर दुरुस्त करणं थांबलं. तिचे डोळे वाहत होते आणि माझेही. सगळं सांगून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चांगली रडली. आता चहा ठेव."

बाई संक्रांतीच्या आधी गेली. मी वळणापासून तिच्या दारापर्यंत गुमान चालत आले. ओसरीत फोन आधीच वर झाले होते. "आली, आली, तिची भईन आली," असं कोणी तरी म्हणालं. सिनेमा सुरू व्हायच्या वेळी म्हणतात तसं. मी उशाशी बसले आणि तिचे केस नीट केले.

"रड ना वो," तिची नणंद म्हणाली. "सख्खी भईन हाये तुही. मोकळी होय."

मी मान हलवली.

"गोट्याच्या कायजाची हाये," मागून कुजबुज झाली. थोड्या वेळानं फोन धरलेला एक हात खाली गेला, मग दुसरा.

आंघोळीला तिला अंगणात घेतलं. आमच्याकडं चौघी जणी चार बाजूंनी लुगडी धरतात आणि आत दोघी पाणी घालतात. मी तांब्या घेऊन आत होते. तिच्या खांद्यावर पाणी ओतलं आणि सहज वर पाहिलं, तर शेजारच्या गच्चीवर दोन पोरी वाकून उभ्या होत्या. एकीच्या हातात फोन होता.

"वरूनबी एक लुगडं धरा," मी म्हटलं.

कोणी हलेना. मी इतक्या मोठ्यानं बोलेन, असं कोणाला वाटलं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं. मग सूनबाईनं घरातून नऊवारी आणलं, आणि उंच दोघींनी ते आमच्या डोक्यांवर ताणून धरलं. आत अंधारल्यासारखं झालं. मी तिची पाठ चोळली, सावकाश, पाणी निवेपर्यंत.