खोबरेल घातलेला रंग

माझ्या बाबांचा तेलावर फार विश्वास. बिजागरी कुरकुरली, गुडघा धरला, पोराची छाती भरली, सगळ्याला औषध एकच, तेल. त्यामुळे मला बघायला पाहुणे येणार म्हणून बाबांनी दार रंगवायला काढलं, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचं घर चौक गावाला लागून. बाबा भातशेती करायचे आणि सकाळी हायवेवरच्या ढाब्यांना दूध घालायचे. तिथल्या गॅरेजात एक पेंटर ट्रकचे फाळके, म्हणजे मागच्या फळ्या, रंगवायचा. त्याच्या रंगात ब्रशाची एक रेघ दिसायची नाही. बाबा दुधाचं रिकामं कॅन हातात धरून बघत उभे राहायचे. एक दिवस त्यांनी विचारलंच.

पेंटर म्हणाला, "काका, डब्यातला रंग हाय तसा लावायचा नाय. जाड असतो, ब्रशाच्या मागं ओढला जातो. थोडं टर्पेंटाइन घाला, चमचाभर उकळलेलं जवसाचं तेल घाला. मग बघा, रंग आपला आपण पसरतो."

बाबा कर्जतहून हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणि टर्पेंटाइन घेऊन आले. जवसाचं तेल काही दुकानात मिळालं नाही. पण अडून बसणारा माणूस नव्हता तो. तेल ते तेल, असं म्हणून त्यांनी फळीवरची खोबरेलाची बाटली उचलली.

"आवो, त्ये केसांचं हाय," आई ओरडली.

"मग काय झालं? तुझं केस चमकतात ना? दार पण चमकंल."

चमचाभराची अर्धी वाटी झाली. पण खरं सांगते, तसा रंग मी पुन्हा कुठे पाहिला नाही. ब्रश लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. संध्याकाळपर्यंत दार असं झालं की आईनं त्यात बघून कुंकू लावावं. आळीतली माणसं बघून गेली. बाबा ओटीवर पाय पसरून बसले, मला म्हणाले, "बघ गं, तुझ्या सासरी पण असं दार नसंल." हल्ली डबा उघडला की रंग आयता मऊ मिळतो, पण त्याला खोबरेलाचा वास येत नाही. मला तो वास अजून हवासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर ओलं. चार दिवसांनी ओलं. आठवडा झाला तरी ओलंच. भाताची झोडणी चालली होती. उडालेलं तूस, चिलटं, कोंबडीचं पीस, सगळं येऊन दाराला चिकटलं. बाबा पेंटरकडे गेले. त्यानं कपाळावर हात मारला. जवसाचं तेल हवेवर सुकून कडक होतं, म्हणून रंगात तेच घालतात. खोबरेल जन्मात सुकायचं नाही. आता सगळा रंग खरवडून काढा, म्हणाला. आणि पाहुणे तर दुसऱ्याच दिवशी सकाळी येणार होते.

मला आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. आणि या वेळी मुलगा मला मनापासून आवडला होता. नात्यातल्या एका लग्नात त्याला पंगतीत वाढताना पाहिलं होतं; म्हाताऱ्यांच्या पानाशी तो वाकून विचारत होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाहुणे, म्हणजे मुलाची आई आणि मामा, शेलूहून आले. बाबा चौकटीपाशी पहारा देत उभे, "मधून या, मधून या" करत. पण मुलाच्या आईनं चप्पल काढताना तोल सावरायला चौकटीलाच हात टेकला. पंजा हिरवागार झाला, आणि हात पुसायला गेल्या तर लुगड्यालाही लागला.

मुलाचा मामा मोठ्यांदा हसला. "ज्याला दार वाळवता येत नाय, त्यो लग्न काय लावून देणार!"

बाबा नुसते हात जोडून उभे राहिले. आतून मला ते जोडलेले हात दिसले आणि माझं डोकं फिरलं. बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही, मान वर करायची नाही, हे सगळं विसरून मी रॉकेलचा बोळा घेऊन बाहेर आले.

"मामा, आमाला जुनं दार पुरत होतं. हे तुमच्यासाठी रंगवलंय. चुकलं असंल, पण माझ्या बाबांना हसायचं काम नाय."

मी खाली बसून मुलाच्या आईचा हात पुसू लागले. एकेक बोट पुसलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि माझी वर बघायची हिंमत नव्हती.

मामा उठला. "बरं, कळवतो."

कळवतो म्हणजे नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आईनं आत पोह्यांखालची लाकडं बाहेर ओढली.

"काय कळवायचंय?" मुलाच्या आई म्हणाल्या. हात अजून माझ्या हातातच होता. "बापासाठी भांडली, उद्या माझ्या घरासाठी पण भांडंल. साखर आणा."

आईनं साखरेची वाटी आणून बाबांच्या हातात दिली. रीतीप्रमाणे पहिली साखर पाहुण्यांना द्यायची. बाबा वाटी घेऊन पाहुण्यांसमोरून तसेच पुढे आले. माझे हात रॉकेलनं माखलेले होते, म्हणून त्यांनी ती साखर स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातली.