डाव्या बॉम्बची छत्री

१९६४ साल. मी एकतीस वर्षांचा. हुद्दा कार्पोरल, ट्रेड आर्मरर, म्हणजे विमानाला बॉम्ब लावणारा. पोस्टिंग जयपूर. धावपट्टीच्या कडेला आमची लहानशी तुकडी तंबूत होती. बायको आणि दोन मुली शहरातल्या सोडाला भागात भाड्याच्या खोलीत. शाळा म्हणाल तर सातवी नापास. खालच्या ट्रेडमधून हाताच्या जोरावर वर आलो होतो आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो.

काम काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. उडत्या विमानातून बॉम्ब सोडला की तो सरळ खाली पडत नाही. विमानाचा वेग त्याच्या अंगात असतो. विमानाच्या पोटाखालून तो बरोबरीनं पुढे पळत जातो. विमान उंचावर असेल तर काही बिघडत नाही. पण अगदी खालून सोडला तर तो फुटतो तेव्हा विमान त्याच्या डोक्यावरच असतं. आपल्याच बॉम्बचे तुकडे आपल्यालाच लागायचे.

त्यासाठी नवी शेपटी आली होती. तिला चार पत्रे, पोलादी पट्ट्यानं मिटून बांधलेले. पट्ट्याच्या खिळीला तार, तारेच्या टोकाला हुक, हुक विमानाच्या कडीत. बॉम्ब सुटला की तार विमानाकडे राहते, खिळी निघते, पट्टा गळतो आणि पत्रे छत्रीसारखे उघडतात. वारा अडतो, बॉम्ब मागे राहतो, विमान पुढे निघून जातं. सगळा खेळ त्या हुकाचा. तो कडीच्या काठावर नुसता टेकला तरी डोळ्यांना अडकलेला दिसतो. हातानं ओढला तरच खरं कळतं. म्हणून नियम असा, की एकानं लावायचं, दुसऱ्यानं प्रत्येक हुक ओढून बघायचा आणि मोठ्यानं ‘चेक्ड’ म्हणायचं.

पहिल्या चाचण्या सिमेंट भरलेल्या खोट्या बॉम्बवर झाल्या. त्या सगळ्या शेपट्या मी लावल्या. एकही मिटलेली पडली नाही. मग नागपूरचा देशकर आला. तोही कार्पोरल, पण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मॅट्रिक पास, कोर्स करून आलेला, इंग्लिश पुस्तक वाचून दाखवणारा. पंधरा दिवसांत बोर्डावर कागद लागला. फिटिंग, देशकर. चेकिंग, पवार. पवार म्हणजे मी.

पायलट होते फ्लाइट लेफ्टनंट भार्गव, जयपूरचेच. आधी जीपमधून उतरले की विचारायचे, “पवार कहाँ है?” आता विचारू लागले, “देशकर कहाँ है?” एवढंच. पण मला जेवण जाईना. बायको म्हणाली, “त्या पोरानं तुमचं वाईट काय केलंय? इंग्लिशच तर येतं त्याला.” मी ताट सरकवून उठलो.

त्याची चूक सापडावी म्हणून मी हुक असे ओढायचो की विमान हलायचं.

“भाऊ, तोडून राहिले का हुक?”

“तुझं काम आहे ना, लेका. जोरानं बघावं लागतं.”

“हौ, बघा ना. तुम्ही पाहिलं का मले घोर नाही राहत.”

तो हे मनापासून म्हणायचा. त्यानं तर मी आणखीच पेटायचो. चूक मात्र कधी सापडली नाही.

मे महिना. पहिल्यांदा खरे बॉम्ब लावायचे होते, पंखाखाली एक उजवा, एक डावा. शेपटी मागे खेचणार, म्हणून फ्यूज उशिराचे नव्हते. जमिनीला लागले की फुटणार. सकाळी सहा दहाला आमचे सीओ, म्हणजे तुकडीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर, आले. सगळ्यांसमोर देशकरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “यह टेल कामयाब हुई तो इस लड़के की वजह से.” टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

देशकरनं दोन्ही शेपट्या लावल्या. “भाऊ, चेक!”

उजवा हुक मी ओढला. डाव्याकडे गेलोच नाही. दहा फुटांवर ट्रॉलीपाशी उभा राहून पाहिलं. अडकलेला दिसला. मनात आलं, टाळ्या त्याच्या, शेपटी त्याची, मग हुकही त्याचाच. म्हणालो, “चेक्ड.”

देशकरनं वळून माझ्याकडे पाहिलं. सीओ घड्याळ बघत होते.

सहा चाळीसला भार्गवांचं विमान उडालं. आम्ही रेडिओच्या गाडीपाशी उभे होतो. रेडिओवर भार्गव म्हणजे ‘रेड वन’, बॉम्ब टाकायचं मैदान म्हणजे ‘रेंज’.

“रेंज, रेड वन. रनिंग इन.”

“रेड वन, क्लिअर टू ड्रॉप.”

“बॉम्ब्स गॉन.”

मग रेंजवरच्या माणसाचा आवाज. “राइट ओपन. लेफ्ट... लेफ्ट नॉट ओपन. पुल अप! रेड वन, पुल अप!”

खरखर झाली. “रेड वन, रेंज. रेड वन, रेंज.” अकरा वेळा त्यानं हाक मारली. सीओंनी टोपी काढली तेव्हा आम्ही काढली.

संध्याकाळी पाचला जबाब झाले. मी सांगितलं, नियमाप्रमाणे चेक केलं. पुढे देशकर. तो म्हणाला, “सर, पवारने हाथ लगाके देखा था. बाद में मैंने धूल पोंछने के लिए हुक निकाला, फिर लगाया. गलती मेरी है.”

त्यानं हुक परत काढलाच नव्हता. लावताना त्याच्याकडून टेकलेला राहिला होता. मी ओढला असता तर निघाला असता. बाहेर आल्यावर त्याला धरलं.

“खोटं का बोललास?”

“तुमाले दोन पोरी हायेत भाऊ. मी एकटा जीव.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“आता काऊन भांडून राहिले? गेला तो माणूस तर गेला ना.”

आत सीओ त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला, ॲडज्युटंटला, म्हणत होते, “आदमी सच्चा है.” ते मला ऐकू आलं. माझी चूकही त्यानं घेतली आणि तिचाही मान त्यालाच मिळाला.

लोकांना वाटतं, मला रात्रभर पश्चात्ताप झाला. खरं लिहितो. मला राग आला होता. त्याचे उपकार मला नको होते. पश्चात्ताप पुढे आला, हळूहळू, आणि अजून गेला नाही. फ्लाइट लेफ्टनंट भार्गव सव्वीस वर्षांचे होते. चाचणी झाली की घाम पुसायच्या आधी आर्मररशी हात मिळवायचे. पुढे मी जयपूरलाच राहिलो, पण त्यांच्या वडिलांच्या घरावरून आजही सरळ जात नाही, गल्ली बदलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दाढी करून, पट्टा लावून सीओंच्या तंबूत गेलो. म्हणालो, “सर, बायाँ हुक मैंने छुआ नहीं. दूर से चेक्ड बोला. देशकर ने कुछ नहीं निकाला था.” त्यांनी क्लार्कला हाक मारली. मी म्हणालो, क्लार्क नको. कागद घेतला आणि चार ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या. वेळ लागला. ते उभेच राहिले. खाली सही केली आणि बाहीवरच्या कार्पोरलच्या पट्ट्यांचा टाका तिथंच उसवून पट्ट्या टेबलावर ठेवल्या.