विहिरीतला उंट

पलूसजवळ आक्काच्या शेतात एक बांधीव विहीर होती. तिचे बांधकाम चालले असताना सैन्यातले माझे दाजी राजस्थानातून रजेवर आले होते. त्यांनी गवंड्याची छिन्नी मागून घेतली आणि शेवटच्या पायरीजवळच्या दगडावर एक उंट कोरला. सगळे हसले. ‘म्हस पाठीवर पोतं घिऊन चाललीया,’ असे आक्काच म्हणाली होती. पुढे सिंचन योजनेचे पाणी शिवारात आले आणि विहीर आटायचे विसरली. उंट कायमचा पाण्याखाली गेला. काही वर्षांनी दाजीही वारले.

आता ती विहीर बुजवून भाचा तिथे ट्रॅक्टरची शेड बांधणार होता. आक्काची हरकत नव्हती. तिला उंट तेवढा एकदा बघायचा होता.

“मी बुडी मारून हात लावून येतो की,” भाचा म्हणाला.

“तू हात लावशील रं. मी काय बघू?”

त्याने काठावरून फोनने फोटो काढला. त्यात आभाळ होते आणि वाकलेला तो स्वतः.

“घावला बघ उंट,” आक्का म्हणाली.

मी साताऱ्यात प्राध्यापकी करून निवृत्त झालो आणि त्यानंतर कॅमेरा घेतला. चारचौघांत तो गळ्यात घालण्याचाही मला संकोच वाटतो. माझ्या पिशवीत पोलरायझर होता, म्हणजे भिंगापुढे बसवायची, गोल फिरणारी काळसर काच. पाण्यावरची चकाकी ती अडवते, मात्र तिरके पाहावे लागते, एवढे मी वाचले होते. प्रयोग कधी केला नव्हता. आक्काला कसलाही शब्द न देता मी पायऱ्यांच्या समोरच्या काठावर कॅमेऱ्याची तिपाई रोवली आणि काचेचे कडे हळूहळू फिरवू लागलो.

पाण्यावरचे आभाळ विरू लागले. दुधावरची साय बोटाने अलगद बाजूला सारावी तसे ते सरकले आणि खाली हिरवा अंधार उघडा पडला. विहीर जागची हलली नव्हती, पाणीही तेच होते. कडे तिथेच ठेवून मी फोटो काढला.

फोटोत मात्र तो अंधारच आला. आक्काच्या घरी आल्यावर मी मूळ फाइल लॅपटॉपवर उघडली आणि आक्का शेजारी येऊन बसली. पडद्यावरची सावल्या उजळणारी पट्टी मी उजवीकडे सरकवली. आधी दगडांचे सांधे दिसले, मग पायरीची कड, मग शेवाळातून एक उंच पाठ. जे माझ्या डोळ्यांना काठावर दिसले नव्हते, ते कॅमेऱ्याने मुकाट्याने टिपून ठेवले होते. शेवटी मान आणि तोंड दिसले.

आक्का म्हणाली, “त्वांड पायऱ्यांकडं हाय. मला वाटायचं, तिकडं राजस्थानाकडं बघतोय. तू उलटा तर न्हाई केलास? तुमी कॉम्प्युटरात काय बी करता.”

मी पट्टी मागे नेली. उंट अंधारात बुडाला. मग माउस तिच्या हाताखाली ठेवला. तिने पट्टी ओढली. उंट पुन्हा वर आला, तोंड पायऱ्यांकडेच.

“पाण्याला येनाऱ्याकडं बघतोय,” ती म्हणाली. पाण्याला रोज तीच जात असे.

तिने तो आणखी एकदा बुडवला, आणखी एकदा वर आणला. मग दारात उभ्या असलेल्या भाच्याला म्हणाली, “टाक आता मुरूम.”