राउटरची खोळ

मंगळवार. बरेच दिवस ब्लॉगकडे फिरकलो नाही, माफ करा. आज रागानेच लिहायला बसवलं.

सकाळी माझ्या बायकोची, सुनंदाची, ग्रंथपालाच्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. वाय-फाय इतकं संथ, की तिचा आवाज सारखा तुटत होता. शेवटी समोरून “राहू द्या” म्हणाले. मी नेट जोडून देणाऱ्या दिलीपभाऊंना फोनवर वाट्टेल ते बोललो.

दुपारी ते आले, राउटरला हात लावला. “काऊन जी सर, याले रजई कोनं पांघरवली? तापून मरून राह्यला ना हा!”

ती जाड खोळ मीच शिवली होती. गडचांदुरात सिमेंट कारखान्यांची धूळ बसते म्हणून आम्ही टीव्ही, मिक्सर, सगळंच झाकतो. खोळ काढली, राउटर थंड झाला आणि नेट धावू लागलं.

मी धुळीचं कारण सांगू लागलो, तर सुनंदा म्हणाली, “मले नोका समजावू. पयले भाऊची माफी मागा.” मागितली.

राग स्वतःचा आहेच, पण त्या धुळीचाही आहे. इतकी वर्षं मी खोळी शिवल्या, तक्रार एकदाही केली नाही. तुमच्यापैकी कुणी केली आहे का?

उद्याचं काम: सुनंदाला विचारून मुलाखत घेणाऱ्यांना मेल करणे, चूक माझी होती हे स्पष्ट लिहून.