तानाबाईंच्या जीपचं पासिंग

तानाबाई चपला काढून जीप चालवायच्या. गाडीत चढलं की जोड सीटखाली सरकवायचा, लुगड्याचा ओचा खोचायचा आणि अनवाणी पाय क्लचवर ठेवायचा. धानोऱ्याच्या थांब्यावर मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मांडीवर लशींचा डबा होता आणि पोटात जंगलाची भीती. "बाई, चप्पल काऊन काढता?" मी विचारलं. समोरून नजर न हटवता त्या म्हणाल्या, "चप्पल मधात आली का गाडी काय म्हनते ते पायाले समजत नाई, सिस्टर."

पन्नाशी गाठलेली, काटक, सावळी बाई. बोलणं मोजकं. नवऱ्याला लकवा झाला आणि त्याची प्रवासी जीप दारात उभी राहिली, तेव्हा तानाबाई उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या पात्रात स्वतःच गाडी चालवायला शिकल्या. मी तिथे होते तोवर आतल्या गावांतल्या कितीतरी बाया त्यांच्याच जीपमधून बाळंतपणाला आल्या. एकदा नाल्याला पाणी होतं आणि मागे कळा देणारी मुलगी होती. तानाबाई बांबू घेऊन एकट्या पाण्यात उतरल्या, पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत आल्या आणि मगच गाडी घातली. मुलीची आई घाई करत होती. तिला म्हणाल्या, "आधी मी जातो. मले जमलं तं गाडीले जमते."

पण मला त्या खऱ्या दिसल्या त्या पासिंगच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला आरटीओच्या साहेबांकडून गाडीची तपासणी होती. ती चुकली की मुदत संपणार आणि जीप रस्त्यावर आणता येणार नव्हती. सकाळी त्या मागचा टायर बदलून घ्यायला पंक्चरच्या दुकानात गेल्या. मीही माझ्या स्कूटीत हवा भरायला तिथेच होते. एक नट गंजून बसला होता. दुकानदाराने पान्याला लांब पाइप लावून जोर दिला, तसा कट्‌कन आवाज झाला आणि बोल्ट मुळापासून तुटला.

दुकानदार ओशाळला. म्हणाला, "बाकीचे मजबूत हायेत, बाई. इथी नकली नट चिकटवून वरून टोपी लावून देतो. साहेबाले दिसनार नाई."

"साहेबाले नाई दिसनार. चाकाले तं मालूम हाय ना," तानाबाई म्हणाल्या.

वेल्डिंग करू, असं शेजारचा एकजण म्हणाला. त्यालाही त्यांनी मान हलवून नकार दिला. दुकानात जो नवा बोल्ट मिळाला तो भोकात ढिला बसत होता. जीप जुनी, तिचा बोल्ट नागपूरहून मागवावा लागला असता. तानाबाईंनी जॅकवर उचललेल्या गाडीभोवती एक फेरी मारली. मग मला म्हणाल्या, "सिस्टर, मले माहेरी नेता का?"

त्यांचं माहेर जंगलातल्या एका तलावाकाठी होतं. मासेमारी करणारं घर. स्कूटीवरून उतरलो तेव्हा मला मोहाच्या झाडाखाली एक जीप दिसली. तशीच, त्याच बनावटीची, दगडांवर ठेवलेली, छताचा टप पिचलेला. ती त्यांच्या धाकट्या भावाची, किसनाची. चाकाचा एक बोल्ट तुटला असताना तो "काय होते एकानं?" म्हणत भाडं घेऊन गेला होता. उतारावर पुढचं चाकच निघालं. किसना जागीच गेला. हे सगळं तानाबाईंनी मला गाडीपाशी उभं राहून, एखाद्या पेशंटची माहिती द्यावी तसं सांगितलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईने ती जीप ना विकू दिली होती ना कोणाला हात लावू दिला होता.

तानाबाई सोबत आणलेला पाना-हातोडा घेऊन मागच्या चाकापाशी बसल्या. अंगणात जाळं निवडत बसलेली म्हातारी उठून आली.

"काय करून राह्यली वं?"

"माय, मले बोल्ट पायजे. उद्या पासिंग हाय."

"कोनत्या चाकाचा?"

"मागच्या. समोरच्याले हात नाई लावत."

म्हातारी घरात गेली. मला वाटलं, आता रडणं सुरू होईल. ती बाहेर आली ती घासलेटची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेला पाना घेऊन. "ह्यानं खोल. त्याचाच हाय. तुया पान्यानं नट झिजन."

मग जे पाहिलं ते मी विसरलेले नाही. गंजलेल्या नटांवर घासलेट सोडायचं, थांबायचं, पाना लावायचा. चाकामागचा ब्रेकचा ड्रम ठोकून मोकळा करायचा. मग बोल्टच्या डोक्यावर नाही, टोकावर लाकडाचा तुकडा धरून हातोडा मारायचा, म्हणजे बोल्टवरचे पेच, आटे, शाबूत राहतात. ज्या गाडीत भाऊ मेला तिच्यावर बहीण घाव घालत होती आणि एकही घाव रागाचा नव्हता. एक बोल्ट वाकडा निघाला. दुसऱ्याचे आटे गंजाने खाल्लेले. त्यांनी कपाळ पुसलं आणि पुढच्याला हात घातला. ऊन कलत आलं तेव्हा एक सरळ, धड बोल्ट बाहेर आला. म्हातारीने तो पदराने पुसला, नट बोटांनी टोकापासून तळापर्यंत फिरवून पाहिला आणि लेकीच्या हातात ठेवला.

अंधार पडायच्या आत तो तानाबाईंच्या जीपला बसला.

दुसऱ्या दिवशी माझी गडचिरोलीला मीटिंग होती, म्हणून मीही सोबत गेले. साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिला आणि ते पुढच्या गाडीकडे वळणार, तोच तानाबाई म्हणाल्या, "साहेब, मागच्या डाव्या चाकाचा एक बोल्ट दुसऱ्या गाडीचा हाय. पाहून घ्या."

मागे उभा असलेला ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला, "गप राहा ना, बाई!"

"मी विचारलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"तुमी नाई विचारलं. मी सांगून राह्यली. ह्या गाडीत बाया-लेकरं बसतेत."

साहेबांनी चाक उतरवायला लावलं. वाकून, हात घालून पाहिलं. चाक पुन्हा बसवून गाडी लांबवर फिरवून आणायला सांगितली, नट परत तपासले. तानाबाई कडेला शांत उभ्या होत्या, जणू नापास झाली असती तरी त्यांना ते मान्यच होतं. गाडी पास झाली. साहेब जाताना एवढंच म्हणाले, "बोल्ट चांगला निवडला."

माझी मीटिंग आटोपल्यावर आम्ही परत निघालो. माहेरच्या फाट्यावर म्हातारी माशांची टोपली घेऊन उभी होती, बाजाराला निघालेली. किसना गेल्यापासून ती कुठल्याही गाडीत बसली नव्हती. धानोऱ्यापर्यंत पायीच जायची. तानाबाईंनी गाडी थांबवली. गाडीत बस, असं म्हणाल्या नाहीत. नुसतं इंजिन बंद केलं.

म्हातारी मागच्या चाकापाशी गेली. वाकून तिने बोल्टवर तळवा ठेवला. "हाच का?"

"होय, माय."

तिने टोपली मागे ठेवली आणि पुढे आली. मी सरकून जागा दिली. चढताना तिने हात पुढे केला. तो मी धरला. ती बसली आणि समोर बघत म्हणाली, "हळू चालव वं."

"हळूच चालवतो, माय."

आता माझी बदली चिमूरला झाली आहे. पण तानाबाई म्हटलं की मला तोच रस्ता दिसतो. त्यांच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. पुसायला त्यांनी एकही हात सोडला नाही.