रस्ता मोकळा आहे असं धरून

उरवड्याला घर बांधून राहायला आलो तेव्हा बायकोने अट घातली होती की आता लढाया बंद. लष्करातली नोकरी संपली, आता बांधावरून शेजाऱ्यांशी भांडायचं नाही आणि टीव्हीवर युद्धाची चर्चा लागली की पडद्याकडे बघून ओरडायचं नाही. पहिली गोष्ट मी पाळली. दुसरी जमली नाही. आयुष्यात कधी डोंगर न चढलेली माणसं छाती फुगवून बोलायला लागली की माझं डोकं फिरतं, आणि एकदा फिरलं की दुपारच्या जेवणापर्यंत फिरलेलंच राहतं.

म्हणून माझ्या मित्राचा फोन आला तेव्हा ती आधीच सावध झाली. आम्ही दोघे एकाच दिवशी अधिकारी झालो आणि एकाच पलटणीत गेलो. निवृत्तीनंतर मी आंब्याची झाडं लावली. त्याने पौडच्या पुढे, धरणाच्या बाजूला, संरक्षण विषयाचं एक खाजगी अभ्यास केंद्र काढलं. हॉल, गेस्टहाउस, हिरवळ, सगळं झकपक.

"वॉरगेम घेतोय," तो म्हणाला. "डोंगरातल्या पोस्टांना रसद पोचवायची नवी योजना आहे, एका कंपनीने तयार केलेली. ती टिकते का ते बघायचं. टिकली तर आम्ही पुढे शिफारस करणार. तू शत्रू हो."

"निकाल ठरलाय का?" मी विचारलं.

हा प्रश्न मी उगाच विचारला नाही. वॉरगेम म्हणजे नकाशावरची लढाई. निळा पक्ष आपला, लाल पक्ष शत्रूचा, मधे पंच. दोन्ही बाजू आपापल्या खोलीत बसून चाली लिहितात आणि कोण मेलं, कोण अडलं ते पंच ठरवतात. खेळ सरळ खेळला तर आपल्या योजनेतली भोकं दिसतात. पण आधी निकाल लिहायचा आणि मग लढाई खेळायची, हा प्रकारही जगात सगळीकडे चालतो आणि त्यावरून वाद होतात. निळ्याने हरायचंच नाही असं ठरलं की लाल पक्षात बसलेला माणूस म्हणजे लग्नातला भाड्याचा घोडा.

"शप्पथ," मित्र म्हणाला. "त्या पोस्टनंतर मी तसलं काही करेन असं तुला वाटतं?"

त्या पोस्टचं नाव आम्ही दोघेही घेत नाही. आम्ही तेव्हा नवे लेफ्टनंट होतो. वर बर्फ, खाली एकच रस्ता. तो रस्ता दरड कोसळून बंद पडला होता, पण ज्या योजनेवर आम्हाला वर ठेवलं होतं तिच्यात तो मोकळा धरलेला होता. रॉकेल आलं नाही, औषधं आली नाहीत. आमचा वायरलेसवाला पोरगा, साताऱ्याकडचा, छातीत पाणी होऊन आमच्यासमोर गेला. त्याला आम्ही दोघांनीच खाली आणलं. उतरताना हा माझा मित्र रडत रडत म्हणत होता, कोण धरतं रे हे, कोण बसून धरतं?

त्या आठवणीची शपथ घातल्यावर मी काय बोलणार? हो म्हणालो. खरं सांगायचं तर आनंदाने हो म्हणालो.

पहिल्या दिवशी सकाळी निघालो आणि पिरंगुटला नेहमीसारखा अडकलो. एक कंटेनर कारखान्याच्या फाटकात वळत होता, त्याच्या मागे कंपन्यांच्या बस, दुधाच्या गाड्या, शहराकडून आलेले पर्यटक. तेवढ्यात फ्लेक्सच्या दुकानातला माणूस रस्ता ओलांडून आला. माझ्या फाटकावरची पाटी त्यानेच करून दिलेली, त्यामुळे ओळख.

"फौजी सायेब, धरनाकडं चाललाय न्हवं? त्या केंद्राच्या कार्यक्रमाला?"

"हो. का?"

"त्यांचा फ्लेक्स तयार हाय. आमचं पोरगं गाडी घिऊन गेलंय कुटंतरी. तुमी न्हेता का गाडीतनं? तुमच्याच कार्यक्रमाचा हाय की!"

त्याने गुंडाळी मागच्या सीटवर टाकली. वरून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचा तुकडा गुंडाळलेला होता. त्यावर गॉगल लावलेला अर्धा चेहरा आणि 'भाऊंना' एवढीच अक्षरं. मला हसू आलं. केंद्रावर पोचल्यावर ती गुंडाळी मी शिपायाच्या हातात दिली आणि माझ्या लाल खोलीत गेलो.

खोलीत मदतीला एक मुलगी होती. लातूरकडची, हिंजवडीत आयटीत नोकरी करणारी, कासारसाईला भाड्याच्या खोलीत राहणारी. सुट्टी काढून आली होती. पहिलाच वॉरगेम, त्यामुळे डोळे चमकत होते. "सर, कुठून हल्ला करायचा?"

"हल्ला कशाला?" मी म्हटलं. "सकाळी पिरंगुटला अडकलीस का?"

"सर, चांगला तासभर."

"मग झालं. पोस्टांना हातसुद्धा लावायचा नाही. त्या अरुंद वळणावर त्यांची एक जड गाडी आडवी पाडायची. बाकीचं काम त्यांच्याच मागच्या गाड्या करतील."

कंपनीच्या योजनेत गाड्या होत्या, उडती यंत्रं होती, रंगीत बाण होते, पण रस्ता एकच होता. आमची चाल गेली, पंचांनी फासे टाकले आणि निळ्यांची रसद वळणावर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत वरच्या पोस्टांवर खायला उरलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर निळे पक्षवाले नुसतं पनीर चिवडत होते. मित्राने, म्हणजे मुख्य पंचाने, माझ्या पाठीत थाप मारली. "म्हातारा झालास, पण खोडी गेली नाही!" घरी येऊन मी बायकोला सगळी लढाई ताटातल्या वाट्या सरकवून समजावून सांगितली. तिने वाट्या परत जागेवर लावल्या. "बरं वाटतंय ना तुम्हाला?" एवढंच म्हणाली. बरं वाटत होतं. फार वर्षांनी कामाचा वाटलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांची चिठ्ठी आली. रस्ता मोकळा झाला असं धरून पुढे जाऊ.

मी उठून मित्राकडे गेलो. तो म्हणाला, "अरे, एवढी माणसं जमलीत. योजनेचा पुढचा भाग बघायलाच मिळाला नाही तर उपयोग काय? काल तू जिंकलास ते नोंदलंय." ते पटण्यासारखं होतं. खेळ मधेच थांबवण्यापेक्षा पुढचं बघावं हे शहाणपणाचंच आहे. मी परत येऊन दुसरी चाल लिहिली. पाऊस लागला की त्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली जातो, म्हणून पावसाचे दिवस निवडले आणि खोळंबलेल्या गाड्या गाठायला पुलाशी माणसं ठेवली. चिठ्ठी आली, पाऊस धरायचा नाही. तिसरी चाल लिहिली. चिठ्ठी आली, लाल पक्षाने आपली माणसं पुलावरून काढून मैदानात आणावीत.

"सर, हे कसं?" मुलगी म्हणाली. "आपली माणसं कुठे उभी करायची हेही तेच सांगणार?"

मैदानात आणलेली माझी माणसं निळ्यांनी चहा व्हायच्या आत संपवली. मी पुन्हा मित्राकडे गेलो आणि या वेळी आवाज चढला. दोन शिपाई वळून बघायला लागले. त्याने माझा दंड धरून बाजूला घेतलं.

"अहवाल मी लिहिणार आहे ना? पहिल्या दिवशी काय झालं ते त्यात सगळ्यात वर येईल. माझ्यावर विश्वास नाही का?"

विश्वास होता म्हणून तर राग त्याच्यावर न काढता मी खोलीत जाऊन पेन्सिलीवर काढला.

दुपारनंतर समारोप. खुर्च्या, गुलाबाची फुलं, कंपनीचे लोक सूट घालून. शिपाई स्टुलावर चढून मागची भिंत सजवत होता. त्याने एक गुंडाळी उचलली आणि वरचं वेष्टन काढून खाली टाकलं. माझ्या पायाशी गॉगलवाला अर्धा चेहरा पडला. 'भाऊंना.'

मी वर बघितलं. फ्लेक्स उलगडत होता. वर धरणाचं चित्र, मधे ठळक अक्षरांत: 'युद्धखेळात रसद योजना शंभर टक्के यशस्वी. निळ्या पक्षाचे हार्दिक अभिनंदन.' खाली पाहुण्यांचे फोटो ओळीत. त्या ओळीत मीही होतो, माझ्याच लेकाच्या लग्नातला फेट्यातला फोटो, मित्राकडेच असलेला. खाली लिहिलं होतं, 'लाल पक्षाचे कडवे सेनापती.'

आमच्याकडे फ्लेक्सशिवाय बारसंसुद्धा होत नाही. आणि फ्लेक्स वेळेवर लावायचा तर आधी छापायला टाकावा लागतो. तो छापून तयार झाला तेव्हा मी अजून पहिली चाल लिहिलेली नव्हती. माझा पराभव पिरंगुटहून धरणापर्यंत मी स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या पेट्रोलवर, सांभाळून आणला होता. खड्डे चुकवत आणला होता.

मला दोन शब्द बोलायला बोलावलं.  माइक धरून मी म्हणालो, "हा मागचा फ्लेक्स मीच आणलाय. काल सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी."

हॉल हसला. फौजी माणसाचा विनोद म्हणून चक्क टाळ्या पडल्या. कंपनीच्या माणसाने तर मान डोलावून दाद दिली. मित्रही हसत टाळ्या वाजवत होता, फक्त माझ्याकडे बघत नव्हता. मागच्या रांगेत ती मुलगी हात मांडीवर ठेवून बसली होती. मी माइक ठेवून खाली उतरलो. आणखी बोललो असतो तर शिव्याच आल्या असत्या.

गाडीपाशी तो माझ्या मागोमाग आला.

"इतकं मनाला लावून घेऊ नकोस. खेळच होता. कंपनीने सगळं उभं केलं होतं, त्यांना हरवून कसं चाललं असतं?"

"मग मला कशाला बोलावलंस? लाल खोलीत कुणीही बसला असता."

 हे ऐकून मला बरं वाटेल असं त्याला वाटलं असावं, अशा सुरात तो म्हणाला, "कुणीही बसला असता तर पटलं कुणाला असतं? तू कुणाच्या बापाचं ऐकत नाहीस हे सगळ्यांना माहीत आहे. तुलासुद्धा ती योजना मोडता आली नाही म्हटल्यावर पुढे प्रश्नच येत नाही."

तेव्हा मला कळलं की त्याने शत्रू शोधलाच नव्हता. त्याला माझा हट्टीपणाचा, खरं बोलण्याचा लौकिक हवा होता, शिक्का म्हणून. आणि तो मिळवायला त्याने त्या मेलेल्या पोराची शपथ वापरली होती. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हात उठला नाही. रडू मात्र आलं, आणि त्याची मला आजही चीड येते.

"त्याला खाली आणताना डोक्याकडची बाजू तुझ्या हातात होती," मी म्हणालो. "वर अजून पोरं आहेत रे. त्यांच्यासाठी तू रस्ता मोकळा धरलास."

मी गाडीत बसलो. मग माझ्या गाडीचं दार त्याने स्वतः लावून दिलं आणि काचेतून वाकून, अगदी जुन्या काळजीने म्हणाला, "नीघ आता. कंपन्या सुटायची वेळ झाली. पिरंगुटला रस्ता बंद असेल."

रस्ता बंद होता. चौकात एक ट्रक आडवा अडकला होता आणि त्याच्या मागे सगळं ठप्प झालं होतं. मी इंजिन बंद करून बसून राहिलो. त्या दोन दिवसांत त्याने मला सांगितलेली ही एकच गोष्ट खरी निघाली.