समितीला लागलेला गारवा

राष्ट्राची ऊर्जा वाचवण्याचे थोर कार्य विद्यापीठांतच घडते, आणि एप्रिलमध्ये ते घाम पुसत घडते. आमच्या देशमुखबाईंनी विजेशिवाय खोली गार ठेवणारा छताचा लेप तयार केला. त्यांचे सरकारी अनुदान चालू ठेवायचे का, हे ठरवायला समिती आली.

"सर, त्यांना माझ्या प्रयोगशाळेत बसवा. लेप तिथल्या छताला आहे," बाई विनवत होत्या.

"पाहुण्यांना असं कुठंही बसवतात का, मॅडम?" म्हणत विभागप्रमुखांनी समितीला एसीच्या सभागृहात नेले. सत्काराच्या शाली सदस्यांनी कानांपर्यंत ओढून घेतल्या. आपल्याकडे पाहुण्यांची सोय आधी होते आणि विज्ञान दारात चपलांपाशी थांबते, असे मला वाटले.

अनुदान चालू राहिले. अहवालात शेरा होता, "लेप अपेक्षेहून अधिक परिणामकारक."